सराव विकीवर प्रचालक हक्क : काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी विकिपीडियावर नेमानं लिहिणाऱ्या आणि आता प्रचालकपदासाठी, म्हणजे पानं वगळण्याचे, सदस्यांना रोखण्याचे जादा हक्क असलेल्या पदासाठी, उभं राहावं का, या विचारात असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी टेस्ट विकिपीडियावर, म्हणजेच सराव विकीवर, प्रचालक हक्क मागा आणि काही महिने ते खरोखर वापरा. मी पावसाळ्याआधी मागितले. दिवाळी होऊन गेली, अजून वापरतोय. कोल्हापुरात आम्ही चार-पाच जण सुटीच्या दिवशी शाहूपुरीत एकत्र बसतो आणि इथल्या विषयांवरचे लेख दुरुस्त करतो. माझं बघून त्यातल्या दोघांनीही अर्ज केले.

ज्यांना ही जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेस्ट विकिपीडिया हा विकिमीडियाचाच विकी आहे, पण तिथे ज्ञानकोश लिहायचा नसतो, सॉफ्टवेअर तपासायचं असतं. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती साधारणपणे मंगळवारी चाचणी विकींवर येते, बुधवारी विकिस्रोत, विक्शनरी अशा प्रकल्पांवर, आणि गुरुवारी मराठीसह बहुतेक विकिपीडियांवर. त्यामुळे गुरुवारी आपल्याकडे एखादं बटण जागेवरून हललं तर मला ते दोन दिवस आधीच दिसलेलं असतं. नवं खातं काढावं लागत नाही, मराठी विकिपीडियावरचंच चालतं. भाषा मराठी निवडली की बरीचशी बटणं मराठीत दिसतात. अर्ज मात्र इंग्रजीत लिहिलेला बरा, कारण तो वाचणारे प्रशासक (प्रचालक हक्क देणारे सदस्य) जगात कुठेही असू शकतात.

अर्जाबद्दल एवढंच सांगतो की 'मला प्रचालक व्हायचं आहे' एवढ्या एका ओळीवर थांबू नका. कोणतं साधन तपासायचं आहे, कशासाठी, किती काळ, आणि तुम्ही एरवी कोणत्या विकीवर काम करता, हे चार वाक्यांत लिहा. प्रशासक तुमचं इतर विकींवरचं काम उघडून पाहू शकतात, तेव्हा तिथलं काम स्वच्छ असेल तर जास्त बोलावं लागत नाही. हक्क मुदतीपुरतेही देता येतात. कमी मुदत मिळाली म्हणून मनाला लावून घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

सदस्याला अटकाव करण्याच्या, म्हणजे संपादन करण्यापासून रोखण्याच्या, पानावर एक चौकट आधीपासून टिक केलेली असते. त्या खात्यानं वापरलेल्या शेवटच्या अंकपत्त्यालाही (आयपी पत्त्यालाही) आपोआप अटकाव व्हावा, अशी ती चौकट. हा आपोआप अटकाव २४ तास टिकतो. वाचून सगळं कळतं. आम्हाला तो घडताना बघायचा होता. आमच्यातल्या एका ताईंनी सरावासाठी वेगळं खातं काढलं, ते सरावाचं असल्याचं सदस्यपानावर लिहिलं, आणि मी त्या खात्याला अटकाव केला. टिक तशीच ठेवली. थोड्याच वेळात शेजारी बसलेले एक दादा म्हणाले, "अहो, माझं पान जतन होईना झालंय." त्यांचा काहीच संबंध नव्हता. फक्त वायफाय एक होता.

मी त्याच वायफायवर होतो आणि माझं सगळं सुरळीत चालू होतं! कारण प्रचालक गटाला अंकपत्त्यावरच्या अटकावातून सूट असते. हे मला आजवर कुठल्याही मदतपानानं इतकं स्पष्ट समजावलं नव्हतं. ज्याच्या हातात बटण आहे त्याला त्या बटणाची झळ पोचतच नाही. दादा शेजारी बसले होते म्हणून कळलं. ते गडहिंग्लजला घरी असते तर त्यांनी लॅपटॉप मिटला असता आणि मला कधीच पत्ता लागला नसता. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकच अंकपत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. कॉलेजच्या संगणक कक्षातही बहुधा तेच असतं. एका खोडकर मुलाला थांबवताना त्याच्या वर्गातला पहिला लेख लिहायला बसलेला विद्यार्थी अडकू शकतो, आणि नव्या माणसाला मदत कुठे मागायची हेही माहीत नसतं.

तेव्हापासून माझा नियम असा, की कुठलंही साधन वापरलं की त्याचा परिणाम साध्या खात्यातून आणि खात्याबाहेर येऊन, अशा दोन्ही ठिकाणांहून बघायचा. अटकाव उठवायचा सरावही करून ठेवा. यादीत आपोआप झालेल्या अटकावाचा अंकपत्ता दिसत नाही, सदस्याची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून तिथे नुसता क्रमांक असतो. तो क्रमांक वापरून अटकाव काढायचा असतो. अडकलेल्या माणसाला हाच क्रमांक त्याच्या पडद्यावर दिसतो. त्याच्याकडून तो मागून घेता आला तर काम मिनिटात होतं.

दुसरा मोठा धडा द्रुतमाघारीचा, म्हणजे एका टिचकीत संपादनं परतवणाऱ्या बटणाचा. त्यासाठी आम्ही पंचगंगेवर सरावाचं पान केलं. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही पाठ असतं, आणि पुराच्या दिवसांत या दोन आकड्यांवर लोकांची नजर किती खिळलेली असते हे २०१९ बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. सरावाच्या खात्यातून ४३ चे ३४ केले. मग दुसऱ्यानं त्याच परिच्छेदात प्रामाणिकपणे एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. आता द्रुतमाघार दाबली की काय होतं? हे साधन फक्त शेवटच्या सदस्याची सलग संपादनं परतवतं. शुद्धलेखन सुधारणाऱ्याचं काम गेलं, आणि ३४ तिथेच राहिले. वरून इतिहासात प्रचालकाच्या नावानं 'परतवले' असं दिसतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की लेख आता बरोबर आहे. अशा वेळी इतिहास उघडून, चांगली आवृत्ती शोधून, ती हातानं जतन करणं हाच मार्ग. त्याच पानावर मुदतीचं अर्धसुरक्षण लावून पाहिलं. खातं नसलेल्यांना आणि नुकतं खातं काढलेल्यांना काही दिवस थांबवणारं सुरक्षण अशा पानाला पुरतं. पूर्ण सुरक्षण लावलं तर रोजची पातळी भरणारे चांगले जुने संपादकही बाहेर राहतात.

दोन पानांचे संपादन-इतिहास एकत्र करणं हे सगळ्यात किचकट काम, आणि त्याचा सराव खऱ्या विकीवर करूच नये असं माझं ठाम मत आहे. समजा 'पन्हाळा' आणि 'पन्हाळगड' अशी दोन पानं झाली आणि कुणी एकातला मजकूर उचलून दुसऱ्यात चिकटवला. विकिपीडियाच्या परवान्यात मूळ लेखकांचं श्रेय टिकवणं बंधनकारक आहे, आणि ते श्रेय पानाच्या इतिहासात असतं. मग एक पान वगळायचं, दुसरं त्या नावावर हलवायचं, आणि वगळलेल्या आवृत्त्या पुनर्स्थापित करायच्या. आवृत्त्या तारखेप्रमाणे एकमेकींत मिसळतात. मिसळणं सोपं आहे, चुकून नको त्या मिसळल्या तर पुन्हा वेगळ्या करताना एकेक आवृत्ती निवडावी लागते. आम्ही मुद्दाम मिसळल्या आणि वेगळ्या केल्या. एक अख्खी दुपार त्यात गेली, पण आता ते करताना हात थरथरत नाही.

बाकी वगळणं, हलवणं, आवृत्ती लपवणं ही कामं लवकर अंगवळणी पडतात. वगळलेलं पान नष्ट होत नाही, प्रचालकांना दिसतं आणि परत आणता येतं. कुणी लेखात एखाद्याचा फोन नंबर टाकला तर तो पुसून भागत नाही, मधल्या प्रत्येक आवृत्तीचा मजकूर लपवावा लागतो, नाहीतर इतिहासातून तो कुणीही वाचू शकतो. संकेतस्थळभर चालणारी जावास्क्रिप्ट आणि सीएसएस पानं मात्र प्रचालकाला बदलता येत नाहीत. २०१८ पासून त्यासाठी वेगळा हक्क आहे आणि ते योग्यच झालं. शिष्टाचार दोनच पाळा: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सरावाला हात लावू नका, आणि स्वतःचा पसारा स्वतः आवरा.

सराव विकी कुठे अपुरा पडतो तेही सांगतो. तिथे पानाचं नाव बदलणं दोन टिचक्यांचं काम आहे. पण कोल्हापूरच्या देवीच्या मंदिराचं पान 'अंबाबाई' नावानं असावं की 'महालक्ष्मी' नावानं, हा प्रश्न इथल्या माणसांच्या काळजाचा आहे. तिथे प्रचालकानं चर्चापानावर आठवडाभर ऐकून घ्यायचं असतं, संदर्भ मागायचे असतात, आणि स्वतःचं मत ठाम असेल तर निर्णय दुसऱ्या प्रचालकाकडे सोपवायचा असतो. सराव विकीवर कुणी रागावत नाही, कुणी दुखावत नाही, तेव्हा याची तयारी तिथे होणार नाही. ती चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) आणि लेखांच्या चर्चापानांवर वर्षानुवर्षं बसूनच होते. म्हणून ज्यांचं मराठी विकिपीडियावर अजून फारसं काम नाही, त्यांनी हक्कांच्या मागे लागण्याआधी तिथे लिहावं, असं मला वाटतं.

माझी मुदत आता संपत आली आहे. ती वाढवून मागणार आहे, कारण संपादन गाळण्यांचं, म्हणजे प्रत्येक संपादन आपोआप तपासणाऱ्या नियमांचं, काम अर्धवट राहिलंय. नव्या खात्यानं नदीच्या पानावर मजकूर न बदलता फक्त आकडे बदलले तर ते टिपणारी गाळणी लिहिली आहे. सध्या ती नुसती नोंद ठेवते. नोंदी बघून चुकीचे पकडले जाणारे कमी करायचे, मग इशारा दाखवणारी करायची, आणि अडवणारी करायची का ते त्यानंतर ठरवायचं, असा बेत आहे. पुढचा जून यायच्या आत ती मराठी विकिपीडियाच्या चावडीवर मांडायची आहे. ज्यांना गाळण्यांचा सराव आहे त्यांनी ती जरूर तपासावी.