एनएफएल प्लस प्रीमियमची ‘ऑल-२२’ फिल्म : टीव्हीवर न दिसणारे दोन सेफ्टी

टीव्हीवर एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, मॅच बघून क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) कव्हरेज, म्हणजे बचावाची मांडणी, कसं वाचतो हे कळणं कठीणच. कॅमेरा बॉलचा पाठलाग करतो आणि सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, बहुतेक वेळ चौकटीबाहेर राहतात. ज्यांच्याकडे बघून पास ठरतो, नेमके तेच गायब. २०२२ मध्ये आलेल्या एनएफएल प्लस या स्ट्रीमिंग सेवेच्या प्रीमियम पॅकेजातली ‘ऑल-२२’ फिल्म, म्हणजे बावीसही खेळाडू दाखवणारं चित्रण, ही उणीव भरून काढते. प्रत्येक डाव दोनदा दिसतो : साइडलाइनकडून उंचावरून आणि एंड झोनमागून, म्हणजे मैदानाच्या टोकाकडून. साध्या पॅकेजात ही फिल्म नाही आणि सेवा अमेरिकेपुरतीच आहे, तेव्हा हे तिकडच्या मराठी घरांसाठी.

स्नॅपआधी, म्हणजे बॉल मागे देऊन डाव सुरू होण्याआधी, पॉज करा आणि खोलवरचे सेफ्टी मोजा. मधोमध एकच असेल तर कव्हर १ किंवा कव्हर ३ (आकडा म्हणजे खोलवर राखणारे बचावपटू; क्वार्टर्समध्ये चार). दोघे १२-१४ यार्डांवर फाकलेले असतील तर कव्हर २ किंवा क्वार्टर्स. मग कॉर्नर, म्हणजे कडेच्या रिसीव्हरसमोरचा (पास झेलणाऱ्यासमोरचा) बचावपटू. पाचेक यार्डांवर, रिसीव्हरच्या बाहेरच्या अंगाला आणि नजर क्वार्टरबॅकवर असेल तर कव्हर २ धरून चाला. मोशनमध्ये, म्हणजे स्नॅपआधीच्या हालचालीत, रिसीव्हर पलीकडे गेला आणि बचावपटूही मागोमाग गेला, तर बहुधा मॅन (प्रत्येक रिसीव्हरवर ठरलेला बचावपटू). नुसत्या खाणाखुणा करून सगळे पाऊलभर सरकले, तर झोन (प्रत्येकाने आपापला भाग राखायचा).

हा झाला अंदाज. आता स्नॅपनंतर मागे सरकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या तिसऱ्या पावलाला पुन्हा पॉज करा. बचाव प्रशिक्षक विक फँजिओच्या धाटणीचे बचाव स्नॅपपर्यंत दोन सेफ्टी खोल ठेवून हूल देतात. बॉल हलताच एक खाली उतरतो, दुसरा मधोमध येतो : झालं कव्हर ३. कव्हर २ समजून बसलेला क्वार्टरबॅक कॉर्नरच्या डोक्यावरून, साइडलाइनजवळच्या १८-२० यार्डांच्या खिंडीत बॉल टाकतो. कव्हर २ मध्ये कॉर्नर खालीच थांबला असता. इथे तो मागे सरकत नेमका तिथेच पोचलेला असतो. टीव्हीवर हा ‘वाईट पास’ ठरतो. फिल्ममध्ये दिसतं, हात नव्हे, वाचन चुकलं. शिवाय प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला, प्रशिक्षकाशी जोडणारा रेडिओ बंद होतो, त्यामुळे शेवटचा हिशेब त्याचा एकट्याचाच.

एंड झोनचा कोन वसूल होतो तो कव्हर ३ विरुद्ध चार रिसीव्हर सरळ धावतात तेव्हा. मधला सेफ्टी एक, सीम (बचावपटूंमधल्या उभ्या फटी) दोन. क्वार्टरबॅक डावीकडे मान वळवून त्याला ओढतो आणि उजव्या सीमला फेकतो. सेफ्टीची कंबर वळली तो क्षण फ्रेम-फ्रेमने बघा.

उणिवाही आहेत. एंड झोनची चौकट अरुंद, त्यामुळे बाहेरचा कॉर्नर पुष्कळदा कापला जातो. त्यासाठी साइडलाइनवर परतावं लागतं. चित्रण स्नॅपच्या थोडंच आधी सुरू होतं, तेव्हा लवकरचं मोशन निसटू शकतं. समालोचन नाही आणि कव्हरेजचं नाव कोणी सांगत नाही. एकाच डावाचं नाव दोन जाणकार वेगळं घेतील.

सुरुवात थर्ड डाउनच्या (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाच्या) लांब अंतरांपासून करा, तिथे पास जवळपास ठरलेलाच असतो. नुसत्या मॅच बघायच्या असतील तर साधं पॅकेज पुरे.