बीएमआर दाखवणारा स्मार्ट वजनकाटा: वजन मोजतो, बाकी हिशेब मांडतो

काचेचा चौकोन, त्यावर स्टीलच्या चार पट्ट्या, आत सेल आणि सोबत मोबाइलचं ॲप. हजार-दोन हजारांतल्या या काट्यावर अनवाणी उभं राहिलं की आधी वजन स्थिरावतं, मग ॲपमध्ये एकेक आकडा उमटू लागतो: चरबी, स्नायू, पाणी, हाडं, बीएमआर (नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला जाळतं तेवढ्या कॅलरी) आणि शेवटी ‘मेटाबॉलिक एज’, म्हणजे चयापचयाच्या हिशेबाने काढलेलं शरीराचं वय. हा शेवटचा आकडा बघून ‘माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे’ असं म्हणणारे पुष्कळ. काटा तसं काही मोजतच नाही.

वजन मात्र तो नीट मोजतो. अट एकच, फरशी सपाट हवी. शहाबादीवर एक कोपरा अधांतरी राहिला की आकडा डुगडुगतो. पायपुसण्यावर तर ठेवूच नका. जागा बदलली की एकदा पाय देऊन उतरायचं, ०.० दिसू द्यायचं आणि मग चढायचं.

चरबीचा आकडा म्हणजे अंदाज. क्षीण वीजप्रवाह एका तळव्यातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. पाणी धरलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. पण त्याची वाट मुख्यतः पायांतून. पोटावरची चरबी सूत्राने धरलेली असते. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण, आणि काटा नेमका तिथेच चुकतो. २००४मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. त्यात टाचांच्या भेगा, ओले पाय, नुकतंच झालेलं जेवण यांनीही आकडा हलतो. ॲपमध्ये ‘ॲथलीट मोड’ (खेळाडूंसाठीचं वेगळं सूत्र) असेल तर तो चालू-बंद करून बघा, काही टक्के चरबी बसल्याजागी उतरते!

आता बीएमआर. तो खरोखर मोजायचा तर उपाशीपोटी स्वस्थ झोपवून, श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. काटा तुम्हीच भरलेली माहिती सूत्रात घालतो. १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घ्या: वजन गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असेल तर अधिक ५, बाई असेल तर वजा १६१. ६५ किलो, १५७ सेंमी, ४० वर्षांची बाई: सुमारे १२७० कॅलरी. काही ॲप चरबी वगळून उरलेल्या वजनावर हिशेब करतात. तिथे चरबीचा अंदाज चुकला की बीएमआरही चुकला.

सूत्रात वजन वाढलं की खर्चही वाढतो, आणि तसं खरंच घडतं. जड शरीर कमी नाही, जास्त जाळतं. वयाचं म्हणाल तर २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या ६,४००हून अधिक लोकांच्या अभ्यासात, शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर, २० ते ६० या वयात ऊर्जाखर्च जवळपास स्थिर दिसला. त्यामुळे चाळिशीतल्या पोटाचं खापर मंदावलेल्या चयापचयावर फोडता येत नाही. टांझानियातले हाद्झा लोक शिकारीसाठी मैलोन्‌मैल चालतात, तरी आकारमान जुळवून पाहिल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या बैठ्या लोकांइतकाच भरला. लठ्ठपणाचा मोठा वाटा ताटातून आणि पुड्यांतून येतो, तो दाखवणारा आकडा या ॲपमध्ये नाही.

म्हणून वापर असा करा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत रोज वजन घ्या आणि सात दिवसांची सरासरी बघा. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्यामुळे लग्नाच्या जेवणानंतर रात्रीत वाढलेला किलो हा बहुतेक मीठ-पाण्याचा. एकादशीनंतर उतरलेलाही तसाच (साबुदाण्याची खिचडी दोनदा झाली नसेल तर). काट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवा. पुरुषांची कंबर ९० सेंमी आणि बायकांची ८० सेंमी ओलांडली की ॲप काहीही म्हणो, डॉक्टरांना दाखवा.

पेसमेकर असलेल्यांनी या काट्यावर चढू नये. गर्भवतींनी साधाच वजनकाटा वापरावा.