'मूड अँड मेमरी' कॅप्सूल : डिमेन्शियाच्या पेशंटसाठी अजिबात घेऊ नका (१ स्टार)

ऑनलाइन मिळणाऱ्या फाइव्ह-एचटीपीच्या कॅप्सूल, १०० मिलिग्रॅमच्या. आईला अल्झायमर आहे, मावसभावाने प्रेमाने मागवून दिल्या, म्हणाला सेरोटोनिन, म्हणजे मूड सांभाळणारं मेंदूतलं रसायन, वाढतं, मावशीची चिडचिड कमी होईल आणि लक्षातही राहील. पॅकिंग छान आहे, पुढे मोठ्या अक्षरात मेमरी आणि मागे भिंग लावून वाचावं एवढ्या बारीक अक्षरात ग्रिफोनियाच्या बियांचा अर्क, म्हणजे ज्या झाडापासून फाइव्ह-एचटीपी काढतात ते. आईला एकही दिली नाही, का ते सांगते.

आई रात्री एस्सिटॅलोप्राम घेते, ही डिप्रेशनवरची गोळी. त्या गोळीमुळे मेंदूत सुटलेलं सेरोटोनिन लगेच परत शोषलं जात नाही, त्यात ही कॅप्सूल म्हणजे सेरोटोनिनचाच कच्चा माल, दोन्ही एकत्र गेलं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे थरथर, घाम, ताप, बडबड. आणि डिमेन्शियाच्या माणसाची बडबड वाढली की घरचे म्हणणार आजार वाढला, गोळीकडे कुणाचं लक्षच जाणार नाही. बाटलीवर याबद्दल एक ओळ नाही!! मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

मेमरीचं म्हणाल तर वय वाढतं तसे सेरोटोनिन ज्यांना जाऊन चिकटतं ते रिसेप्टरच कमी होत जातात, खास करून टू-ए नावाचे, अल्झायमरमध्ये तर अजून जास्त. नळ कितीही सोडा, भरायला हंडेच कमी. शिवाय सेरोटोनिन बनवणाऱ्या, मेंदूच्या बुंध्याजवळच्या राफे भागातल्या पेशींना हा आजार फार लवकर धरतो. सेरोटोनिनचा सिक्स नंबरचा रिसेप्टर औषधाने बंद करून स्मरणशक्ती सुधारते का हे मोठ्या कंपन्यांनी बघून झालंय, त्यातलं आयडालोपिर्डीन नावाचं औषध जवळपास अडीच हजार पेशंटवर तपासलं, काही फायदा नाही, इंटेपिर्डीन नावाचं दुसरं २०१७ मध्ये फेल गेलं. मग ही बाटली कशाच्या जोरावर मेमरी लिहिते?

चिडचिडीवर मात्र सेरोटोनिनवर काम करणारी औषधं चालतात, पण डॉक्टरच्या हातून. २०१४ च्या अमेरिका-कॅनडातल्या ट्रायलमध्ये १८६ पेशंट होते, सिटॅलोप्रामने (आईच्या गोळीचंच भावंड) चिडचिड कमी झाली पण ३० मिलिग्रॅमला स्मरणशक्ती थोडी घसरली आणि ईसीजीत फरक दिसला, म्हणून तर आईचा ईसीजी काढूनच गोळी सुरू केली.

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, काढ्यापासून सप्लिमेंटपर्यंत सगळं, आमच्या डॉक्टरांनी लेबल बघताच नको म्हणून सांगितलं. सील तसंच असूनही विकणाऱ्याने रिटर्न घेतली नाही.