सागवानी बॉडी, शिसवी फ्रेटबोर्ड: हाताने घडवलेली इलेक्ट्रिक गिटार, एक पावसाळा आणि एक हिवाळा वाजवल्यानंतर

मागच्या मे महिन्यात या गिटारला पहिल्यांदा तारा चढवल्या. त्यानंतर तिने पुण्याचा अख्खा पावसाळा काढला, कोरडी थंडी काढली. रोजचा रियाज, मित्रांबरोबरच्या तालमी, भावगीतांच्या कार्यक्रमात साथ, असा सगळा वापर झाला आहे. आता तिच्याबद्दल खात्रीने बोलता येईल.

गिटार करायला घेणारा माणूस आधी दोनच गोष्टींवर बोलतो: लाकूड कुठलं आणि पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकीय वेटोळी) कुठले. इतके महिने वाजवल्यावर माझं मत पक्कं झालंय की रोजचं सुख तिसरीकडेच असतं. नेकची (गिटारच्या मानेची) पाठ, फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं आणि नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा या तीन जागांवर घातलेला वेळ गिटार हातात घेतल्या क्षणी जाणवतो. बाकीचं ऐकणाऱ्याला कळलं तर कळलं.

आराखडा फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा आहे. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास ही रचना बाजारात आणली. ते स्वतः गिटार वाजवत नसत. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुरुस्तीवाल्याच्या नजरेतून आलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे चार स्क्रूंनी बसवलेली नेक. नेक खराब झाली, उतरवा, दुसरी लावा. घरी गिटार करणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीची रचना नाही, कारण बॉडी आणि नेक ही दोन वेगळी कामं होतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्याला भोगावा लागत नाही.

बॉडीचं सागवान जुन्या वाड्याच्या तुळईचं. पुण्यात वाडे उतरवले जातात तेव्हा असं लाकूड वखारीत येतं आणि ते इतकं मुरलेलं असतं की नंतर हलत नाही. रंधा मारण्याआधी त्यात अडकलेले खिळे चुंबक फिरवून शोधावे लागतात, नाहीतर पातं गेलंच. पातं तसंही लवकर बोथट होतं, कारण सागवानात सिलिका असते. राउटरला (लाकूड कोरणाऱ्या यंत्राला) कार्बाइडचंच बिट लावा. सागवान आणि शिसव दोन्हींचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, त्यामुळे मास्क न लावता हे काम करू नये.

सागवानाचा खरा प्रश्न वजनाचा. त्याची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो. फेंडरच्या गिटारींना वापरतात ते ऑल्डर ४५० च्या आसपास. भरीव सागवानी बॉडी खांद्याला जड होते. म्हणून आतून पोकळ्या कोरून वर सहा मिलिमीटरची फळी चिकटवली. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू थिनरने पुसल्या, कारण सागवानाच्या अंगातलं तेल डिंकाला धरू देत नाही. पूर्ण गिटार साडेतीन किलोच्या थोडी वर भरते. दोन तासांच्या कार्यक्रमात उभं राहून वाजवली तरी खांदा बोलत नाही. त्या जोडाला आजवर केसाएवढीही भेग नाही.

जुन्या लाकडाची गिटार म्हटलं की ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याची रेड स्पेशल आठवतेच. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये ती घरीच करायला घेतली होती. नेकसाठी जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोसाठी (तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवणाऱ्या यंत्रणेसाठी) जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा. पुढे क्वीनमध्ये त्याच्या शेजारी उभा राहून गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, त्यामुळे ती गोष्ट आपल्याकडच्या गिटारवाल्यांना जरा जास्तच जवळची वाटते. मला त्या गिटारीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती तो आयुष्यभर वाजवत राहिला. शोकेसमध्ये ठेवायला केलेली वस्तू आणि वाजवायला केलेली वस्तू यांच्या घडणीतच फरक पडतो.

आता नेक. दोन सागवानी पट्ट्यांच्या मध्ये शिसवाची एक, अशी तीन पट्ट्यांची जोडणी, आत दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई), वर शिसवी फ्रेटबोर्ड. तीन पट्ट्या घेतल्या की एकीचा पीळ दुसरी अडवते. आतापर्यंत नेकला पीळ अजिबात नाही.

स्केल, म्हणजे नटपासून घोडीपर्यंत तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिलिमीटर. फ्रेटच्या जागांचं गणित सोपं आहे: लांबीला १७.८१७ ने भागायचं. नटपासून पहिला फ्रेट ३६.३७ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा. बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर पडला की हिशेब जुळला. फक्त खुणा करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजायचं. आधीच्या खुणेपासून मोजत गेलं तर अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाते आणि वरचे सूर बेसूर होतात.

फ्रेटबोर्डची गोलाई १२ इंच त्रिज्येची ठेवली आणि या निर्णयाबद्दल मी फार समाधानी आहे. जुन्या टेलिकास्टरची गोलाई सव्वासात इंचांची असते. कॉर्ड धरायला ती छान, पण वरच्या फ्रेटवर तार ओढली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. आपल्या गाण्यांत मींड घ्यायची असते, पूर्ण दीड सुरांची, सावकाश. या गिटारवर पंधराव्या फ्रेटपाशी तार कितीही ओढा, सूर शेवटपर्यंत टिकतो. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची १.८ आणि बारीक तारेची १.५ मिलिमीटर आहे, तरी खडखड नाही.

हे जमतं ते फ्रेट एका पातळीत असल्यामुळे. फ्रेट ठोकून झाले की ते सारखे दिसतात, पण असत नाहीत. एक आखूड सरळ पट्टी तीन फ्रेटवर आडवी ठेवून हलवायची. मधला उंच असेल तर टकटक आवाज येतो. मग सगळ्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करने काळी रेघ ओढायची आणि सपाट पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर नेकच्या लांबीत फिरवायचा. उंच फ्रेटवरची शाई आधी जाते, बुटक्यांवरची राहते. सगळीकडची गेली की थांबायचं. आता माथे सपाट झालेले असतात. पुन्हा मार्कर लावायचा आणि तीनधारी कानशीने प्रत्येक फ्रेटचे दोन्ही खांदे उतरवत यायचं, मधोमध केसाएवढी काळी रेघ उरेपर्यंत. ती रेघ म्हणजे फ्रेटचा सगळ्यात उंच भाग, तिला कानस लागता कामा नये. कानशीच्या धारा आधी घासून गुळगुळीत केलेल्या असाव्या आणि लाकडावर मास्किंग टेप असावी. त्यानंतर ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर आणि शेवटी पितळेला लावतात ते पॉलिश.

बावीस फ्रेट, म्हणजे चव्वेचाळीस टोकं. प्रत्येक टोक वेगळं गोल करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण घाई करू नका. माझी गिटार हातात घेणारा प्रत्येक जण आधी नेकच्या कडेवरून अंगठा फिरवतो आणि मग विचारतो, ही कुणाकडून करून घेतली.

थंडीत याची परीक्षा झाली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हवा कोरडी झाली की फ्रेटबोर्ड रुंदीला किंचित आकसतो, धातू मात्र तेवढाच राहतो आणि टोकं बाहेर डोकावतात. बाजारातल्या बऱ्याच गिटारींना जानेवारीत हात कापेल अशी धार येते ती यामुळे. माझ्याकडे दोनच टोकं जाणवली, बारीक कानशीचा हात फिरवला, संपलं. जुनं लाकूड घेतल्याचा फायदा मला आवाजापेक्षा इथे जास्त दिसला.

पावसाळ्यात माझ्या नेकला थोडा पुढे बाक आला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि शेवटच्या फ्रेटला तार दाबून सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहिली. एरवी ०.२ मिलिमीटर ठेवतो, ती दुपटीच्या आसपास गेली होती. ट्रस रॉडला पाव फेरा दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी कधीही जाऊ नये, लाकडाला जागेवर यायला रात्र द्यावी. दिवाळीनंतर तोच पाव फेरा उलटा दिला. तुमच्या नेकचे लाकूड आणि जोड वेगळे असतील तर बाक उलट्या बाजूलाही येऊ शकतो, म्हणून आधी मोजा.

नट हाडाचा आहे. इथे मला मिरजेची आठवण येते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडीचा माथा घासून घासून असा उतार देतात की तार त्याला हलकेच घासत कंप पावते आणि जवारी (तो झणझणता, भरलेला नाद) खुलते. गिटारच्या नटवर नेमकं उलटं हवं: तार फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवरून एकदम स्वच्छ सुटली पाहिजे, खाच मागे खुंटीच्या दिशेने उतरती. उतार चुकला की मोकळी तार सतारीसारखी झणझणते. दोन्हीकडे कारागिरी तीच, दशांश मिलिमीटरची आणि कानाची. खाचेची खोली तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने टिचकी मारायची. अगदी बारीक टिक ऐकू आली पाहिजे. माझ्या गिटारवर पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड धरायला जोर लागत नाही, आणि मींड घेतल्यावर तार सुरातून उतरत नाही, ती या खाचांमुळे.

फिनिशबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. बॉडीला चपडा लाख, फ्रेंच पॉलिशच्या पद्धतीने. लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मेण काढलेली लाख विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, तेलाचा एखादा थेंब, आणि हात थांबू न देता पातळ थर देत जायचं. हे काम उन्हाळ्यात सकाळी करावं. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते आणि भर दुपारी स्पिरिट इतक्या झपाट्याने उडतं की बोळा चिकटतो. कालवलेली लाख सहा महिन्यांपेक्षा जुनी वापरू नका, ती नीट वाळत नाही. बाटलीवर तारीख लिहून ठेवावी. सागवानासारख्या तेलकट लाकडावर वार्निश बरेचदा चिकट राहतं, लाख मात्र धरते.

इतक्या वापरानंतर लाखेचं कसं आहे? समोरची बाजू अजून तशीच चमकते. उजवा हात टेकतो तिथे घामाने चमक मंदावली आहे. सॅनिटायझरचा हात लागला तर डाग पडतोच, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पण त्याच कारणामुळे दुरुस्तीही सोपी आहे. नवा थर जुन्यात मुरतो, जोड दिसत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचं फिनिश जास्त टणक असतं, पण त्यावर चरा पडला की पूर्ण भाग घासावा लागतो. कार्यक्रमांच्या धावपळीत गिटार आपटतच असेल तर पीयू घ्या. घरी जास्त वाजवणाऱ्याला मी लाखच सुचवीन.

नेकच्या पाठीला लाख लावली नाही, घामट तळव्याला ती चिकटते. ४०० नंबरपर्यंत घासून, ओल्या फडक्याने पुसून रेषे उभे करायचे, ते पुन्हा घासायचे, आणि मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात. प्रत्येक हात दहा मिनिटांनी कोरडा पुसायचा आणि पुरेसा वाळू द्यायचा. शेवटी मेण. आज ही पाठ माझ्याजवळच्या कुठल्याही गिटारपेक्षा मऊ लागते. चार महिन्यांनी एक हात तेल लागतं, एवढीच देखभाल. एक गोष्ट कळकळीने सांगतो: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पिकअप दोन, सिंगल कॉइल, म्हणजे प्रत्येकात एकच वेटोळं. कप्प्यांना आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली आहे. आवाज मोकळा, खणखणीत. एकच पिकअप चालू असताना ५० हर्ट्‌झची गुणगुण येते आणि दिव्यांचे डिमर असलेल्या सभागृहात ती वाढते. ही सिंगल कॉइलची जातच आहे. मधल्या स्थानावर दोन्ही पिकअप चालू केले की गुणगुण जाते, कारण दुसऱ्याचं वेटोळं आणि चुंबक उलटे आहेत. साथीला मी बहुतेक तिथेच ठेवतो. ऑनलाइन मागवलेल्या बटणांचा मुलामा मात्र पावसाळ्यातच उडाला. ती बदलून साधी पितळी बसवली.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक माहिती. शिसवाचा व्यापार साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय) करारातल्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, पण २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. कच्ची फळी नेणं ही वेगळी बाब.

पहिल्यांदाच करणाऱ्याने नेक तयार विकत घ्यावी, बॉडी स्वतः करावी आणि फ्रेटची पातळी, टोकं व नट हे तिन्ही स्वतःच्या हातून होऊ द्यावेत. पुढे नेकही स्वतः करायची झाली तर ट्रस रॉडच्या खाचेसाठी राउटर आणि सरळ जिग (राउटरला सरळ चालवणारा साचा) लागतो, बाकी कानशी, पटाशी, रंधा आणि क्लॅम्पवर भागतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर बारीक तारांखाली आता हलके चट्टे दिसू लागले आहेत. हे फ्रेट निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूचे आहेत. पोलादी तारांपुढे ते झिजणारच. उंची अजून भरपूर आहे, एकदा-दोनदा पुन्हा पातळीत आणता येतील. त्यानंतर स्टेनलेस स्टीलचे बसवायचं ठरवलं आहे, त्यासाठी कठीण धातूची वेगळी कानस घेऊन ठेवली आहे.