माडावर चढायचं यंत्र: आठ महिन्यांचा अनुभव आणि एका बकलाची गोष्ट

यंत्र कसं दिसतं ते सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं, त्यामुळे ते सोडतो. उभ्याने चढायचं, डाव्या-उजव्या पायाचे सांगाडे सुटे, दोन्हींची वायर रोप खोडाभोवती. मूळ रचना केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीची. माझं यंत्र त्याची नक्कल करणाऱ्या एका कारखान्याचं, नोव्हेंबरात घेतलेलं. घरामागे २३ माड आहेत. नारळ उतरवणारा पाडेली माडामागे शंभर रुपये घेतो आणि बोलावल्यावर तिसऱ्या आठवड्यात उगवतो. वर्षाचा हिशोब मांडला आणि मागवून टाकलं.

पहिले तीन महिने मी या यंत्राचा प्रचारकच होतो. पंचावन्नाव्या वर्षी, ढेरीसकट, शेंड्याला हात लावून आलो. आपल्याच घराची कौलं पहिल्यांदा वरून पाहिली, त्यात तीन फुटलेली सापडली.

मग बक्कल. पायाच्या पट्ट्याचं, दोन बोटांएवढं. किनारपट्टीवर विकायचं यंत्र आणि बक्कल साध्या लोखंडाचं! खाऱ्या वाऱ्याने फेब्रुवारीतच गंजलं आणि डाव्याची जीभ तुटली. कारखान्यात फोन केला, तर म्हणे सुटं बक्कल मिळत नाही, पट्ट्यांची जोडी घ्या, ६४० रुपये, कुरिअर वेगळं. वॉरंटी? "गंज वॉरंटीत येत नाही सर." चार फोन, दोन भांडणं. बकलासाठी ६४० रुपये द्यायला मी काही वेडा नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि पाय बांधला.

एप्रिलात उतरताना, जमिनीपासून पस्तीसेक फुटांवर, ट्यूब ताणली गेली आणि डावा पाय निसटला. पायाचं वजन गेल्यावर वायर सैल झाली आणि तो सांगाडा खर्र करत थेट बुंध्याशी जाऊन पडला. मी उजव्या पायावर, खोडाला मिठी मारून. कमरेचा पट्टा खोडाभोवती होता तो बायकोमुळे. पट्टा न बांधता चढायचं असेल तर नारळ बाजारातून आणू, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता तीच खालून ओरडत होती, "अहो, उतरा ना!" मांडी शिवणयंत्रासारखी थरथरत होती, मानेवरून मुंगळे फिरत होते.

पंचवीस मिनिटांनी पाडेली आला. पायात दोरीचा फास घालून सरसर वर. पडलेला सांगाडा त्याने दोरीने ओढून घेतला, खोडाला बसवला, माझा पाय स्वतःच्या हाताने त्यात घातला आणि माझ्या खाली राहून एकेक पाऊल उतरवलं. पैसे शंभरच घेतले. माडामागे भाव ठरलेला आहे म्हणाला.

त्या रात्री रागाच्या भरात मी या यंत्राबद्दल जे लिहिलं होतं ते पुसून आता हे लिहितोय. ट्यूब माझी होती, हे कबूल. नारळ विकास मंडळाचं माडावर चढण्याचं सहा दिवसांचं प्रशिक्षण २०११ पासून चालू आहे, तेही मी केलं नव्हतं. या यंत्राला लावायची सुरक्षेची जोडणी केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने (सीपीसीआरआय) तयार केली आहे, तीही नंतर कळली. पण दोन सांगाड्यांना जोडणारी हातभर दोरी खोक्यात का नसावी? अमेरिकेत झाडावर बसून हरणाची शिकार करणारेही असंच दोन तुकड्यांचं यंत्र वापरतात आणि दोन्ही तुकडे एकमेकांना बांधून ठेवतात. बंदूकसुद्धा रिकामी करून, वर बसल्यावर दोरीने ओढून घेतात. मी मात्र कोयता कमरेला लावून चढत होतो. आता तोही दोरीनेच वर येतो.

सह्याद्रीतले सुळके चढणारा भाचा मे महिन्यात आला आणि त्याने कमरेचा पट्टा आधी काढून टाकला. पाय सुटला तर नुसत्या कमरेवर लटकल्याने पोट आवळतं, श्वास कोंडतो. त्याऐवजी मांड्या-खांद्यांचा, आयएस ३५२१ हे भारतीय मानक लिहिलेला हार्नेस आणायला लावला. त्यातही हालचाल न करता लटकत राहिलं की पायांत रक्त साचून माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून पाय टेकवायला दोरीचा एक फास खिशात. शिवाय चाळीस फुटांच्या माडाला शंभर फूट दोर: एक टोक हार्नेसला, मग खोडाला घट्ट आवळलेल्या पट्ट्यातल्या कडीतून फिरवायचा, दुसरं टोक शेजारच्या माडाच्या बुंध्याशी. वर अडकलो तर खालच्या माणसाने तो हळूहळू सोडायचा. जमिनीपासून सहा फुटांवर तीन वेळा लटकून बायकोला शिकवलं. तिसऱ्या वेळी तिने मला मुद्दाम थोडा वेळ तसाच ठेवला.

या सगळ्याचे पैसे यंत्राच्या निम्म्याहून जास्त झाले. हिशोब बायकोला दाखवलेला नाही.

बक्कल शेवटी बाजारातल्या चपलावाल्याने बसवून दिलं. स्टीलचं, जाड नायलॉनच्या पट्टीसकट, दोन्ही पायांचे मिळून ९० रुपये. नव्वद! तो फोटो कारखान्याला पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

सध्या खोडांना शेवाळ धरलंय, वायर सरकते, म्हणून यंत्र पडवीत टांगलं आहे. पाडेलीला निरोप दिलाय, उघडीप मिळाली की येतो म्हणाला. तिसरा आठवडा चालू आहे.