सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या: आठ महिन्यांनंतर

मंगळवारी आई बीपीच्या दहा गोळ्या घेऊन परत आली. महिन्याच्या तीस नाहीत, दहा. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर गेले सहा-सात महिने मी या सोयीचं कौतुकच करत फिरत होतो.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरचं कोणी तरीही तिकडे फिरकलं नाही, कारण मीच म्हणायचो, फुकटची गोळी लागू पडत नाही. आई मेडिकलमधून स्ट्रिप आणायची. पुढे कळलं, ती एक दिवसाआड खात होती. 'डोकं जड झालं की घेते ना.' दळणाच्या सुट्ट्या पैशांच्या डब्यात अर्ध्या तोडलेल्या गोळ्या सापडल्या.

आता ती महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात जाते. जाते गोळीसाठी, पण सिस्टर बीपी मोजल्याशिवाय खिडकीकडे सोडत नाहीत. तिसऱ्या खेपेला बोट टोचलं आणि शुगर निघाली. खासगीत आधी 200 रुपये फी. चक्कर येऊन पडेपर्यंत आई त्या पायऱ्या चढली नसती. बीपी 170 वरून 136 वर आलंय. बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, तीच; पाकीट तेवढं साधं. माझे शब्द मी गिळले.

पण दहा गोळ्या? खिडकीवरचं उत्तर: 'साठा कमी आहे, सगळ्यांना पुरवायच्यात.' आता माझा हिशेब ऐका. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट, तरी येऊन-जाऊन 30 रुपये, वर वडाप 20. महिन्यात तीन फेऱ्या म्हणजे 150. जनऔषधीत, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, महिन्याची अ‍ॅम्लोडिपिन याच्या कितीतरी आत येते! शिवाय तीन सकाळी रांगेत. तिसऱ्या फेरीला आई म्हणणारच, 'जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू,' आणि पुन्हा एक दिवसाआड सुरू. 2017 मध्ये पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत उच्च रक्तदाबाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, आपल्या राज्यातलेही जिल्हे त्यात होते. त्यात महिन्याच्या गोळ्या एकदम देण्यावर भर होता, तो उगाच नव्हता.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल आईबरोबर स्वतः गेलो, थोडा आवाज चढवायच्या तयारीनेच. फार्मासिस्टने शांतपणे रजिस्टर फिरवून समोर धरलं: गेल्या आठवड्यातल्या प्रत्येक नावापुढे 10. कालच्या पानावर 30. माल सोमवारी आला होता. आईला तीसच्या तीस मिळाल्या. भांडायला काही उरलं नाही, म्हणून बाकड्यावर बसून चहा प्यालो. तेवढ्यात आईने पिशवी उघडून मोजलं. शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, 15 दिवसांचीच.

पाचपैकी चार गुण देतो. पाचवा पंधरा दिवसांनी बघू.