ग्रँट-कोर्स रँच : पशुपालक कुटुंबाचे राहते घर

यलोस्टोन पाहून ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाकडे मोटारीने निघालेली अमेरिकेतील मराठी कुटुंबे मोंटाना राज्यातील डीअर लॉज या गावात सहसा थांबत नाहीत. महामार्ग क्रमांक ९० च्या लगतच ग्रँट-कोर्स रँच हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. प्रवेशशुल्क नाही, आणि सुमारे १,६०० एकरांच्या आवारात ऐंशीहून अधिक जुन्या वास्तू उभ्या आहेत. अर्धा दिवस हाताशी असेल तर हा थांबा चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रपटांनी आपल्या मनात ठसवलेला काउबॉय येथे फारसा भेटत नाही. भेटते ते गोमांसाच्या व्यापारावर उभे राहिलेले एक कुटुंब आणि त्याचा जमाखर्च. ज्यांना हा विषयच नकोसा वाटतो त्यांनी तेवढे आधी लक्षात घ्यावे. सुरुवात जॉनी ग्रँट याच्यापासून होते. ओरेगॉनच्या वाटेने पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचे थकलेले, खुरे झिजलेले दोन बैल घेऊन त्यांना एक धडधाकट बैल द्यायचा आणि थकलेली जनावरे कुरणात चारून पुढच्या हंगामात पुन्हा अशाच अदलाबदलीत वापरायची, या साध्या हिशेबातून त्याचा कळप वाढला. त्याने १८६२ मध्ये बांधलेले लाकडी घर हाच आजच्या मुख्य वास्तूचा पुढचा भाग आहे. १८६६ मध्ये त्याने ही मालमत्ता १९,२०० डॉलरना कॉनरॅड कोर्स याला विकली आणि पुढे तो कॅनडातील मॅनिटोबाकडे निघून गेला.

कोर्स मूळचा आजच्या जर्मनीतील होल्स्टाइन प्रांतातला, जन्म १८३५ चा. सोन्याच्या शोधात मोंटानात आलेल्या या माणसाला पैसा मिळाला तो सोने खणण्यातून नव्हे, तर खाणकामगारांना मांस विकण्यातून. सावत्र भाऊ जॉन बीलेनबर्ग याच्या साथीने त्याने हा धंदा इतका वाढवला की भरभराटीच्या काळात त्यांची गुरे चार राज्यांत आणि कॅनडात मिळून सुमारे एक कोटी एकरांवर चरत असत. ही जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. तिच्यातील बहुतेक भाग कुंपण नसलेला, मोकळ्या चराईचा मुलूख होता. या साम्राज्याचे सगळे बळ त्या मोकळेपणात होते, आणि त्याचा धोकाही तिथेच होता. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात बर्फाखाली गवत गाडले गेले आणि साठवलेली वैरण नसल्याने उत्तरेकडील मैदानांवर गुरे मोठ्या संख्येने मेली. त्या वेळी ब्यूट येथील बँकर ए. जे. डेव्हिस याने निव्वळ विश्वासावर दिलेल्या एक लाख डॉलरच्या कर्जामुळे कोर्स सावरला. यानंतर अशा पशुपालकांना कुंपण, गवताची लागवड आणि हिवाळ्यासाठी वैरण यांकडे वळावे लागले. आवारातील गवताच्या गंजी रचण्याचे उंच, उतरत्या फळ्यांचे लाकडी यंत्र पाहताना हा संदर्भ मनात असेल, तर ते नुसते कुतूहलाचे अवजार राहत नाही.

घर केवळ मार्गदर्शकासोबतच पाहता येते, म्हणून पोहोचताच फेरीची वेळ विचारून घ्यावी. आतील सामान बहुतांशी कुटुंबाने प्रत्यक्ष वापरलेले आहे आणि जिथल्या तिथे ठेवलेले आहे, हे या स्थळाचे मोठे वैशिष्ट्य. ही सजावट मुख्यतः ऑगस्टा कोर्स हिची. १८६८ मध्ये लग्न होऊन ती मिसुरी नदीतून आगबोटीने फोर्ट बेंटनपर्यंत आणि तेथून घोडागाडीने या खोऱ्यात आली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. १८९० मध्ये मागील बाजूस विटांचे प्रशस्त दालन जोडले गेले आणि त्याबरोबर नळाचे पाणी व घर उबदार ठेवणारी भट्टी आली. तिचा मुलगा विल्यम १९०१ मध्ये ऐन तारुण्यात वारला, पती १९२० मध्ये गेला; ती स्वतः १९४५ पर्यंत, म्हणजे ९६ वर्षे जगली. बैठकीच्या खोलीतील श्रीमंती पाहून झाल्यावर लगेच गड्यांच्या राहण्याच्या साध्या खोल्यांकडे जावे. या दोन वास्तूंमधले अंतर काही पावलांचे आहे, पण त्या काळचा पशुपालनाचा धंदा कोणाच्या कष्टावर चालत होता हे त्या अंतरात चटकन उमगते.

मला एक बाब मात्र अपुरी वाटते. ग्रँट स्वतः मेटी, म्हणजे युरोपीय आणि मूलनिवासी अशा मिश्र वंशाचा होता. त्याची पत्नी क्वारा मूलनिवासी होती, आणि या खोऱ्यातील आरंभीचे कौटुंबिक जीवन अशा नात्यांवरच उभे होते. घर कोर्स कुटुंबाच्या वस्तूंनी भरलेले असल्यामुळे हा पहिला अध्याय साहजिकच मागे पडतो. तो समजून घ्यायचा असेल तर मार्गदर्शकाला मुद्दाम विचारावे.

कोर्सचा नातू कॉनरॅड वॉरन याने १९३२ पासून रँचचा कारभार पाहिला, हेरफर्ड जातीची गुरे आणि बेल्जियन घोडे जोपासले. १९७२ मध्ये हे स्थळ राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आले. आजही येथे गुरे पाळली जातात, त्यामुळे शेणाचा वास आणि माश्या यांची तयारी ठेवावी. क्लार्क फोर्क नदीच्या काठी वरच्या अंगाच्या तांब्याच्या खाणींतून वाहून आलेला विषारी गाळ साचला होता; त्याच्या सफाईची हकिकतही विचारण्याजोगी आहे.

लहान मुलांना लोहारशाळा आणि काउबॉइजच्या स्वयंपाकाची चकवॅगन नक्की आवडेल, मात्र तेथील प्रात्यक्षिके प्रामुख्याने उन्हाळ्यात होतात. जेवणाची सोय गावात पाहावी, टोपी व पाणी जवळ बाळगावे आणि घराची फेरी सकाळी आटोपून कोठारांकडे नंतर वळावे.